‘नको’भोवतीचा गोल

"सवलत रक्तात असते हो. सुटत नाही."

हे सर माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. शेजारच्या गृहस्थांच्या प्लेटमध्ये करंजी ठेवत, हसत हसत म्हणाले. पण मी समोरच उभी होते. हातात चकलीची प्लेट. तोक्योतल्या एदोगावा वॉर्डाचा हॉल, दिवाळीच्या फराळाचा कार्यक्रम, बूट दाराशी काढून सगळे मोज्यांवर. सिल्कचे झब्बे, पैठण्या आणि खाली मोजे.

"का, काय झालं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"अहो, आपल्या डायरेक्टरबाई. बेकारभत्ता मागायला गेल्या होत्या. स्वतःची कंपनी आणि बेकारभत्ता!"

हशा झाला. मोठा नाही, पाच-सहा जणांचा. एक बाई हसली नाही, तिने मान वळवून चहाच्या थर्मासकडे पाहिलं. मी मात्र हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना स्वतःला शूर दाखवायचा मोह होईल, म्हणून. मी हसले आणि वर म्हणाले, "काय सर तुम्ही पण!"

माझी मुलगी सई शेजारी उभी होती. नऊ वर्षांची, परकर-पोलक्यात. परतताना ट्रेनमध्ये तिने विचारलं, "आई, सवलत त्ते नानि?" सवलत म्हणजे काय. ती असंच बोलते, अर्धं जपानी, अर्धं मराठी. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी गेल्यावर तिने परत विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सर म्हणजे कोण, ते सांगते. तोक्योतल्या मराठी माणसांत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे सरच म्हणतात. पंचवीस वर्षं इथे आहेत. पुण्यातून इंजिनियर आणायचे आणि जपानी कंपन्यांत कामाला लावायचे, हा त्यांचा व्यवसाय. मी त्यांच्या कंपनीत पगारावर सात वर्षं होते. मला त्यांनीच आणलं. पहिल्या दिवशी विमानतळावर घ्यायला स्वतः आले होते, गाडीत पोळी-भाजीचा डबा होता. त्यांचे उपकार आहेत. ते कुणी विसरू नये याची काळजी तेच घेतात.

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "पुण्यात सरकारी इंजिनियरिंग कॉलेज? वा. मेरिटवर, की...?" वाक्य तिथेच सोडलं. मी म्हटलं, "राखीव जागा." ते म्हणाले, "नाही नाही, माझ्या मनात तसलं काही नाही." मग सात वर्षांत दर वर्षी एकदा तरी त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्या मनात तसलं काही नाही.

सातव्या वर्षी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "किती दिवस नोकरी करणार? स्वतःची कंपनी काढा. काम तेच, टेबल तेच, क्लायंट तोच. फक्त करार तुमच्या कंपनीशी. तुम्ही डायरेक्टर."

आता कळतं, यात त्यांचा फायदा काय होता. नोकर असले की मालकाला माझ्या विम्यात भर घालावी लागते, मला काढायचं तर कारण द्यावं लागतं. डायरेक्टरला काढायला काही लागत नाही. करार संपला की संपला. तेव्हा कळलं नाही असं नाही. थोडं कळलं होतं. पण डायरेक्टर हा शब्द. माझी आई पुण्यात महापालिकेत झाडूवाली. तीस वर्षं पहाटे रस्ते झाडले तिने. तिची मुलगी डायरेक्टर. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, आणि स्वतःच्या पायांनी चढले.

नोकरी सोडताना एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एका ओळीत विचारलेलं असतं, नोकरी सुटल्याचा दाखला हवा की नको. दोन्ही शब्द छापलेले. एकाभोवती गोल करायचा. हा दाखला घेऊन सरकारी रोजगार कार्यालयात गेलं, तर नवं काम मिळेपर्यंत भत्ता मिळतो. नोकरीत असताना पगारातून दर महिन्याला विमा कापलेला असतो, त्याचाच तो भत्ता. माझा सात वर्षं कापलेला.

मी पेन हातात धरून त्या ओळीवर थांबले. सर म्हणाले, "तो कागद बेकार लोकांसाठी असतो." आणि मग हसून, आवाज जरा खाली आणून, "तुम्हाला तरी परत सवलतीची रांग नको असेल. नाही का?"

मी ‘नको’भोवती गोल केला. एकदा केला, तो नीट जुळला नाही म्हणून त्यावरूनच परत गिरवला.

लोकांना वाटेल, एवढी शिकलेली बाई, वाचलं नाही का? वाचलं होतं. जपानी मला चांगली येते. वाचूनच गोल केला. का केला, ते सांगायचं तर शाळेत जावं लागेल.

सातवीत होते. आम्हाला पालिकेकडून वह्या फुकट मिळायच्या. बाई यादी वाचायच्या, वर्गात, सगळ्यांदेखत. नाव आलं की उभं राहायचं, पुढे जायचं, सही करायची, वह्या छातीशी धरून परत यायचं. दर वर्षी व्हायचं, सवय होती. त्या वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "यांना सगळं फुकट." बाईंनी ऐकलं. बाई तिला रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "घे, घे. तुमच्यासाठीच असतं सगळं."

मी म्हटलं, "मला नको."

बाईंनी माझ्या नावापुढे काट मारली. मी रिकाम्या हाताने जागेवर जाऊन बसले. इतका अभिमान मला आयुष्यात परत कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. ड्युटीवरून थेट, निळ्या गणवेशाच्या साडीत, पायात धुळीने माखलेल्या चपला. ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. शिपाई म्हणाला, उद्या या. ती म्हणाली, उभी आहे. मधली सुट्टी झाली, मुली डबे खायला बाहेर आल्या, ती उभीच. कुणीतरी विचारलं, ही कोण गं? मी म्हटलं, माहीत नाही.

मी म्हटलं, माहीत नाही. माझ्या आईला.

शाळा सुटायच्या आधी तिने वह्या घेतल्या. मोजून घेतल्या. घरी येऊन माझ्यापुढे ठेवल्या आणि स्वयंपाकाला लागली. तिने मला एक शब्द विचारला नाही. तिने माझं ते ‘माहीत नाही’ ऐकलं होतं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तर हा ‘नको’ जुना आहे. सरांनी फक्त पेन दिलं.

कंपनी निघाली. कंपनी म्हणजे मी, एक शिक्का आणि व्हिजिटिंग कार्ड. ओजिमा भागातल्या आमच्या सरकारी वसाहतीतल्या घराचा पत्ता. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळाने सत्कार केला, शाल आणि श्रीफळ. इथे नारळ मिळवायचा तर देशी दुकानातून आधी सांगून ठेवावा लागतो. सरांनी स्वतःच्या हाताने शाल घातली, म्हणाले, "आपली मुलगी मालक झाली." टाळ्या. मी तो फोटो आईला पाठवला. तिने तो मोठा करून भिंतीवर लावला आणि वस्तीत पेढे वाटले.

दीड वर्ष करार चालला. मग एका शुक्रवारी सरांचा ईमेल आला. क्लायंटचं बजेट कमी झालं, पुढचा करार नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. तीन ओळी. सात वर्षं आणि दीड वर्ष, तीन ओळी. सोमवारी मी घरी होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सईचे बाबा तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेले, ते परत आले नाहीत. घर माझ्या एकटीवर. दोन महिने मी रोज अर्ज केले. जपानी कंपन्या विचारायच्या, स्वतःची कंपनी असलेली बाई नोकरी कशाला मागते? सईच्या इंडियन स्कूलची फी तोंडावर आली. तेव्हा मी लाज गुंडाळून ठेवली आणि रोजगार कार्यालयात गेले.

नंबराचा कागद घेतला, खुर्चीत बसले. नंबर आला. खिडकीवर मोरिता नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, बाहीला शाई लागू नये म्हणून तिच्यावर काळं कापड चढवलेलं. आणि तिथे मी काय केलं? आठ वर्षांची सवय. पर्स उघडली, कार्ड काढलं, दोन्ही हातांनी धरून, वाकून त्यांच्यापुढे केलं. बेकारभत्ता मागायला आलेल्या बाईने व्हिजिटिंग कार्ड दिलं.

त्यांनीही सवयीने दोन्ही हातांनी घेतलं. वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आपण कंपनीच्या संचालक आहात," ते म्हणाले. जपानीतच, अतिशय आदराने.

"हो. पण काम नाही."

"कंपनी आहे तोवर कायद्याने आपण बेकार नाही. संचालकांना हा विमा लागू होत नाही."

मी म्हटलं, त्याआधी सात वर्षं नोकरी होती, विमा कापलेला आहे. त्यांनी संगणकावर पाहिलं. आहे, म्हणाले. सगळा आहे. पण नोकरी सुटल्यापासून एका वर्षात घ्यावा लागतो. स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांना ती मुदत वाढवूनही मिळते, व्यवसाय मोडलाच तर हाताशी असावा म्हणून. फक्त व्यवसाय सुरू केल्यापासून दोन महिन्यांच्या आत येऊन अर्ज करायचा. नोकरी सुटल्याचा दाखला जोडून.

"दाखला आहे का?"

"नाही."

त्यांनी परत पाहिलं. "नोंद आहे. दाखला नको, असं आपणच कळवलेलं आहे." मग खालच्या आवाजात, "का नको म्हणालात?"

हा प्रश्न त्यांच्या फॉर्मवर नसणार. सहज विचारला त्यांनी. मी उघडी राहिलेली पर्स बंद केली. त्यांनी माझं कार्ड दोन्ही हातांनी मला परत केलं आणि वाकून माफी मागितली. चूक त्यांची नव्हती. तरी त्यांनीच मागितली.

मी तिथून सरांकडे गेले. म्हटलं, दाखला द्या, आता द्या, काही होतंय का बघते. म्हणाले, "आता काय उपयोग? आणि तुम्ही तिकडे गेलात कशाला? आपल्या माणसांचं नाव खराब होतं." दाखला शेवटी त्यांनी पाठवला, कारण कायद्याने द्यावाच लागतो. मुदत गेलेला कागद. त्यानंतर आठवड्याने दिवाळीचा फराळ. ते वर सांगितलंच आहे.

फराळानंतरच्या रविवारी आईला फोन केला. दोन महिने तिला सांगत होते, कंपनी मस्त चाललीय. त्या दिवशी तिने विचारलं, "कंपनी कशी हाय?" आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. कार्ड, खिडकी, गोल, हशा.

आई म्हणाली, "कागद देत होते, अन् तू नको म्हनलीस?"

"हो."

"आगं, आमी न दिलेला कागद मागाया जायचो. फंडाच्या पैशाला चौदा खेपा मारल्या मी. चौदा. साहेब म्हनायचा, कशाला येती म्हातारे सारखी सारखी. म्या म्हनलं, माझं कापलंय, माझं दे. लाज त्याला वाटाया पायजे, मला का म्हनून? आन तू... एवढी शिकवली तुला, ती नको म्हनाया शिकलीस व्हय?"

ती रडत होती. माझी आई माझ्यासमोर कधी रडली नव्हती. माझे वडील वारले तेव्हा नाही, कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही. मला वाटायचं, शिकून मी तिला त्या दारातून बाहेर काढलं. मी तिच्या चौदा खेपांवर एक गोल मारला होता. दोनदा गिरवून.

मी म्हटलं, "आई, शाळेत त्या दिवशी..."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्हाईत हाय मला."

तिला माहीत होतं. वीस-बावीस वर्षं.

भत्ता मिळाला नाही. मिळणारही नाही. सईची शाळा सुटली. आता ती वसाहतीमागच्या वॉर्डाच्या, म्हणजे पालिकेच्या जपानी शाळेत जाते. पहिला महिना ती कुणाशी बोलली नाही. आता बोलते, पण माझ्याशी मराठी कमी झालंय. इंडियन स्कूलमधली तिची मैत्रीण वाढदिवसाला बोलवायची विसरली. हे कुठल्याही खिडकीवर भरून मिळत नाही. कंपनी मी बंद केली. शिक्का मोडीत काढला. कार्डांचा गठ्ठा कागदाच्या कचऱ्याच्या दिवशी, नियमाप्रमाणे दोरीने बांधून, खाली ठेवला.

मग यंदाचा गुढीपाडवा आला. तोच हॉल. मंडळाचा निरोप आला, ओंकारचा सत्कार आहे, तुम्ही श्रीफळ द्या, तुम्ही आधीच्या डायरेक्टर ना. ओंकार म्हणजे सरांच्याच कंपनीतला, पाच वर्षं झालेला, बायको गरोदर. त्याचीही कंपनी निघाली होती. टेबल तेच, क्लायंट तोच.

मी गेले. सईला घेऊन गेले. सरांनी ओंकारला शाल घातली, म्हणाले, "आपला मुलगा मालक झाला." तेच वाक्य. मग माझ्या हातात नारळ दिला. हॉल भरलेला. ओंकार हात पुढे करून उभा.

मी नारळ दिला नाही. म्हटलं, "ओंकार, नोकरी सोडताना फॉर्मवर गोल कशाभोवती केलास?"

त्याला कळलं नाही. "कसला गोल, ताई?"

"दाखला हवा की नको."

तो सरांकडे बघायला लागला. सर हसत म्हणाले, "अहो, आज सणाचा दिवस. हे विषय नंतर."

"‘नको’वर केला," ओंकार म्हणाला.

"मीही तेच केलं होतं," मी म्हटलं. मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "म्हणून मला भत्ता मिळाला नाही. तो कागद बेकारांचा नाही. तुझ्या पगारातून कापलेल्या विम्याचा आहे. आजही मागता येतो. दोन महिने व्हायच्या आत अर्ज कर. आणि सर, सवलत म्हणजे काय ते दिवाळीत माझ्या मुलीने मला विचारलं. आज सांगते तिला. सई, ऐक. ज्याचं आहे त्यालाच ते परत देताना, देणारा जे नाव ठेवतो ना, ती सवलत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माइक कुणीतरी बंद केला होता, पण तो मी वापरतच नव्हते. मी नारळ टेबलावर ठेवला. दाराशी बूट घालताना मागे कार्यक्रम परत सुरू झाला, गाणं लागलं.

निघताना ओंकारला म्हटलं होतं, उद्या सोमवारी सकाळी साडेआठला स्टेशनवर ये, मी येते बरोबर, सरांकडे आणि मग कार्यालयात. मी साडेआठला उभी होते. नऊ वाजले. मेसेज आला. "ताई, सरांशी बोललो. ते म्हणाले गरज नाही. प्लीज गैरसमज नको."

तिथेच उभी राहिले बराच वेळ. आई उभी राहायची तशी. राग आला नाही त्याचा. दोन वर्षांपूर्वी मला कुणी स्टेशनवर बोलावलं असतं, तर मीही हाच मेसेज केला असता. शब्द न् शब्द. त्याला लिहिलं, पुढच्या सोमवारी पण इथेच उभी असेन, दोन महिने संपेपर्यंत दर सोमवारी.

मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. सरांच्या ओळखीतून आता मला काम मिळणार नाही. मला ते नकोच... नाही, ‘नको’ हा शब्द मी आता जपून वापरते.

एक छोटी नोकरी मिळाली. कानदा स्टेशनजवळ, जपानी मालक, पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. पहिल्या दिवशी कचेरीतल्या बाईंनी कागद पुढे केले. मी प्रत्येक ओळ वाचली. मग विचारलं, "रोजगार विमा कापणार ना?"

त्या म्हणाल्या, "हो, पण हातात थोडं कमी पडेल."

"कापा," मी म्हटलं. "आणि मी जाईन त्या दिवशी दाखला हवा. आत्ताच लिहून ठेवा. हवा."